अटकेची नोंद कुठे सापडते? नाशिक जिल्ह्यातील नागरिकांसाठी मार्गदर्शन

नाशिक जिल्ह्यात एखाद्याला अटक झाली की त्या अटकेच्या नोंदी एकाच कार्यालयात राहत नाहीत. पहिल्या काही तासांची नोंद पोलीस ठाण्यात होते, दुसऱ्या दिवसापासूनची न्यायालयात, आणि आरोपीला न्यायालयीन कोठडी मिळाली की कारागृहात. अमेरिकेतील अनेक काउंट्यांमध्ये शेरीफचे कार्यालय तुरुंगातील माणसांची नावे आणि आरोप एकाच यादीत सर्वांसाठी खुले ठेवते. आपल्याकडे तशी यादी नाही. त्यामुळे नातेवाईक ठाण्यातून कोर्टात, कोर्टातून जेलरोडला हेलपाटे घालतात आणि प्रत्येक ठिकाणी ‘ते आमच्याकडे नाही’ हे उत्तर ऐकतात. बहुतेक वेळा ते उत्तर खरेही असते, कारण चुकीच्या टप्प्यावर चुकीच्या कार्यालयात विचारणा झालेली असते.

आधी हद्द ठरवा

जिल्ह्यात पोलिसांचे दोन स्वतंत्र घटक आहेत. नाशिक शहर पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते. पंचवटी, भद्रकाली, सरकारवाडा, गंगापूर, सातपूर, अंबड, इंदिरानगर, उपनगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प ही ठाणी शहरात मोडतात. सिन्नर, निफाड, येवला, इगतपुरी, दिंडोरी, मालेगाव हा भाग नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे आहे. ऑनलाइन शोधतानाही ‘नाशिक शहर’ आणि ‘नाशिक ग्रामीण’ हे वेगळे पर्याय असतात. चुकीचा पर्याय निवडला की यादी रिकामी दिसते आणि गुन्हाच दाखल नाही असा गैरसमज होतो. रेल्वेत किंवा स्थानकाच्या आवारात घडलेला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. माणसाला उचलून नेणारे पथक गुन्हे शाखेचे किंवा ग्रामीण भागात स्थानिक गुन्हे शाखेचे असते, पण गुन्हा मात्र एखाद्या पोलीस ठाण्यात नोंदलेला असतो. म्हणून ‘कोणी नेले’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या ठाण्याच्या गुन्ह्यात नेले’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, या रूपात लिहून घ्या. पुढची प्रत्येक चौकशी या नंबरावर चालते.

पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. तिच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा पातळीवर सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवणे हे त्याचे काम आहे. ही माहिती प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावली गेली पाहिजे. ती डिजिटल पद्धतीने लावली तरी चालते. म्हणजे अटक झालेल्यांची यादी मागणे ही मेहेरबानीची विनंती नव्हे. ती यादी लोकांना दिसावी, असे कायदाच सांगतो.

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराला पुढील गोष्टी विचारा आणि उत्तरे तिथेच टिपून घ्या:

- व्यक्तीला अटक झाली आहे, की फक्त चौकशीसाठी बोलावले आहे?
- गु.र.नं. आणि कलमे कोणती?
- अटकेची तारीख आणि वेळ काय? स्टेशन डायरीत नोंद झाली आहे का?
- तपासी अधिकारी कोण?
- न्यायालयात कधी आणि कोणत्या न्यायालयात हजर करणार?

पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ‘अटक नाही, जरा चौकशी चालू आहे’ असे सांगून माणसाला रात्रभर बसवून ठेवले जात असेल, तर चोवीस तासांचे घड्याळ नेमके कधी सुरू झाले हाच पुढे वादाचा मुद्दा ठरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार आणि संहितेच्या कलम ५८ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे. नेल्याची वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्यांची नावे घरच्यांनी त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावीत.

अटकेच्या वेळी तयार होणारा मूळ कागद म्हणजे अटक पंचनामा किंवा अटक मेमो. कलम ३६ प्रमाणे त्यावर किमान एका साक्षीदाराची सही लागते. हा साक्षीदार कुटुंबातील सदस्य किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती असावा. त्याखाली अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी असते. या कागदावरील वेळ नीट पाहा. सकाळी नऊला घरातून नेलेल्या माणसाच्या मेमोवर रात्री अकराची वेळ असेल, तर ती विसंगती वकिलामार्फत पहिल्याच रिमांडला न्यायालयाच्या नजरेस आणावी. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात घालून दिलेल्या नियमांमधून हा मेमो आला आणि नंतर तो कायद्यात समाविष्ट झाला.

कलम ४८ प्रमाणे अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची आणि ठेवलेल्या ठिकाणाची माहिती पोलिसांनी लगेच द्यायची असते. कोणाला कळवले, याची नोंदही ठाण्यातील वहीत करायची असते. अटकेची कारणे लेखी देणे हा आता स्वतंत्र हक्क झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात स्पष्ट केले, की ही कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. ताबडतोब लेखी देणे शक्य नसेल तर ती तोंडी सांगावीत, पण दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. घरच्यांनी हा कागद जपून ठेवावा. जामीन अर्जाचा पाया बहुतेक वेळा तोच असतो.

ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण हीसुद्धा नोंदच आहे. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान १२ महिने जतन करण्याचा आदेश दिला. कोठडीबाबत तक्रार असेल, तर तारीख आणि वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. उशीर केला की चित्रण मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

एफआयआरमध्ये काय असते, काय नसते

प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते (कलम १७३). आरोपीलाही ती लवकर मिळावी, अशी व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशन प्रकरणात केली. तेव्हापासून एफआयआर २४ तासांत, आणि तांत्रिक अडचण असल्यास जास्तीत जास्त ७२ तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ या विभागात जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून तो कोणालाही पाहता येतो.

लैंगिक गुन्हे, पोक्सोखालील गुन्हे, दहशतवाद आणि तत्सम संवेदनशील प्रकरणे यांना यातून सूट आहे. एफआयआर संवेदनशील ठरवून नाकारला, तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडे अर्ज करता येतो. तीन अधिकाऱ्यांच्या समितीने त्यावर तीन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो.

एफआयआर म्हणजे अटकेची नोंद नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. अनेक एफआयआरमध्ये आरोपीच्या रकान्यात फक्त ‘अज्ञात इसम’ असे लिहिलेले असते आणि अटक पंधरा दिवसांनी होते. उलट, ज्याचे नाव एफआयआरमध्ये आहे त्याला अटक न करता कलम ३५(३) ची नोटीस देऊन तपासाला बोलावले जाते. नाव दिसले म्हणून माणूस आत आहे, किंवा दिसले नाही म्हणून बाहेर आहे, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात.

एफआयआर नसतानाही कोठडी

बंदोबस्ताच्या काळात, निवडणुकीत किंवा गल्लीतील भांडणानंतर होणाऱ्या अनेक अटका प्रतिबंधात्मक असतात. लोक त्यांना ‘चॅप्टर केस’ म्हणतात. कलम १७० खाली ताब्यात घेणे आणि कलम १२६ किंवा १२९ खाली बंधपत्र मागणे यासाठी गुन्हा नोंदलेला असावा लागत नाही, म्हणून एफआयआरच्या यादीत ही प्रकरणे सापडत नाहीत. त्यांची फाईल कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे असते. शहरात हे अधिकार सहायक पोलीस आयुक्त वापरतात, ग्रामीण भागात तहसीलदार किंवा प्रांत. तिथेच आदेशाची प्रत मागावी.

महाराष्ट्र धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायदा (एमपीडीए), १९८१ खालील स्थानबद्धता याहून गंभीर आहे. त्यात माणूस कोणत्याही खटल्याशिवाय कारागृहात जातो आणि नेहमीचा जामीन अर्ज उपयोगाचा नसतो. स्थानबद्धतेची कारणे पाच दिवसांच्या आत त्याला कळवावी लागतात. त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते.

न्यायालयात गेल्यावर

हजर केल्यावर दंडाधिकारी पोलीस कोठडी, म्हणजे बोलीभाषेतला ‘पीसीआर’, किंवा न्यायालयीन कोठडी, म्हणजे ‘एमसीआर’, देतात. नाशिक शहरातील बहुतेक प्रकरणे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालतात. नाशिकरोडला स्वतंत्र न्यायालय आहे, आणि निफाड, मालेगाव, सिन्नर, येवला येथे तालुक्याची न्यायालये आहेत. नव्या संहितेत पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलगच असावेत असे नाही. ते पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणून कारागृहात पोहोचलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणला गेला, तर त्यात आपोआप काही बेकायदा घडले असे होत नाही. मात्र त्यासाठी न्यायालयाचा आदेश असलाच पाहिजे.

ई-कोर्ट्स सेवेवर खटला चार-पाच मार्गांनी शोधता येतो: पक्षकाराचे नाव, एफआयआर नंबर, खटला नंबर, वकिलाचे नाव किंवा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर. नावाने शोधणे सर्वांत सोपे वाटते, पण तेच सर्वांत फसवे आहे. नोंदी बहुतांशी इंग्रजी लिपीत असतात आणि आहेर, अहिरे, गायकवाड यांसारखी आडनावे वेगवेगळ्या स्पेलिंगने चढवलेली असतात. एकाच नावाचे अनेक लोकही निघतात. एफआयआर नंबर, पोलीस ठाणे आणि वर्ष देऊन शोधल्यास ही गडबड टळते. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत प्रकरणाला खटला नंबर पडत नाही. त्यामुळे त्याआधी काहीच दिसले नाही, तरी प्रकरण नाही असे समजू नये. जामीन अर्ज मात्र स्वतःच्या नंबराने दिसतो.

आरोपीला दोषारोपपत्र आणि सोबतची कागदपत्रे मोफत मिळतात. कलम २३० मध्ये त्यासाठी हजेरीपासून चौदा दिवसांची मर्यादा आहे. त्रयस्थाला हे कागद सहज मिळत नाहीत. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि ते संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास प्रकरणात दिला. खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाला प्रमाणित नक्कल हवी असेल, तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नक्कल विभागात शुल्क भरावे लागते. रोजनामा आणि बहुतेक आदेश ऑनलाइन वाचता येतात. रोजच्या गरजेसाठी तेवढे पुरते.

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह

१९२७ पासूनचे हे कारागृह राज्यातील नऊ मध्यवर्ती कारागृहांपैकी एक आहे. इथे न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी, आणि सिद्धदोष बंदी असे दोन्ही प्रकारचे लोक असतात. प्रवेशाच्या वेळी न्यायालयाचे वॉरंट, गुन्हा, ओळखखुणा, जवळच्या वस्तू आणि वैद्यकीय तपासणी यांची नोंद होते. पुढे तीच माहिती ई-प्रिझन्स प्रणालीत राहते.

ही प्रणाली सर्वांसाठी खुली नाही. नातेवाइकांना तिचा उपयोग मुख्यतः ई-मुलाकातीसाठी होतो. त्यासाठी बंद्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय आणि कारागृह ही माहिती भरून भेटीची नोंदणी करावी लागते. प्रत्यक्ष जाताना मुलाखत कक्षात स्वतःचे ओळखपत्र, बंद्याशी असलेले नाते, गु.र.नं. आणि न्यायालयाचे नाव तयार ठेवावे. बंदी तिथे आहे का, पुढची तारीख कधी आहे, एवढे जवळच्या नातेवाइकाला कळू शकते. त्याचे आजारपण किंवा शिस्तीसंबंधीच्या नोंदी मागायच्या असतील, तर बंद्याची लेखी संमती किंवा वकीलपत्र जोडावे.

जामीन मंजूर होऊनही माणूस बाहेर येत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वेळापत्रक घालून दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला द्यायची आहे. जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवायची आहे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. आठवा दिवस उजाडला, की कुटुंबाने या आदेशाचा हवाला देऊन प्राधिकरणाकडे अर्ज करावा. गरिबीमुळे जामीनदार मिळत नाही म्हणून कोणी महिनोन् महिने आत राहणे हे कायद्याला मुळीच अभिप्रेत नाही.

कारागृहातील प्रवेशाची तारीख आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. कलम ४७९ नुसार जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला, की तो जामिनावर सुटकेसाठी पात्र ठरतो. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असल्यास मात्र हा लाभ अडतो. अशा बंद्यांसाठी न्यायालयात अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकांवर सोपवलेले आहे. तरीही दिवसांचा हिशेब घरच्यांनी स्वतः ठेवावा.

माहिती अधिकाराचा अर्ज

तोंडी विचारणेला दाद मिळाली नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ मधील अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

‘माझ्या भावाला का पकडले?’ असा प्रश्न विचारल्यास अर्ज फेटाळला जातो, कारण हा कायदा अस्तित्वात असलेले कागद देतो, खुलासे देत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक तारखेच्या अमुक पोलीस ठाण्यातील स्टेशन डायरीतील अमुक व्यक्तीच्या अटकेच्या नोंदीची आणि अटक मेमोची साक्षांकित प्रत द्यावी.’ साधारण मुदत तीस दिवसांची आहे. पण माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती ४८ तासांत द्यावी लागते. कोठडीतील माणसाबद्दलच्या अर्जावर कलम ७(१) चा हा उल्लेख अगदी वर, ठळक लिहावा.

नकार बहुतेक वेळा दोन कारणांनी येतो. पहिले, तपास चालू आहे. यावर दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच सांगितले आहे, की तपास चालू असणे एवढे कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते. दुसरे, माहिती वैयक्तिक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारात केलेल्या बदलानंतर हे कारण आता अधिक सहज पुढे केले जाते. तरी व्यापक जनहित असल्यास कलम ८(२) खाली माहिती मागता येते. शिवाय जी यादी कायद्यानेच ठाण्यात लावायची आहे, ती वैयक्तिक म्हणून लपवता येणार नाही. पहिले अपील तीस दिवसांत, त्याच खात्यातील वरिष्ठांकडे. दुसरे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

जे कोणालाच उघड करता येत नाही

बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलाची ओळख, मग तो पीडित असो वा कायद्याशी संघर्षात आलेला, बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने संरक्षित आहे. नाव न लिहिता शाळा, गल्ली किंवा वडिलांचा व्यवसाय लिहिला आणि ओळख पटली, तरी नियम मोडतो. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणाराही यातून सुटत नाही.

भाडेकरू, नोकर आणि स्थळाची चौकशी

दुसऱ्याचा ‘रेकॉर्ड’ काढून देणारी कोणतीही अधिकृत खिडकी खासगी माणसासाठी नाही. असा दावा करणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज संबंधित व्यक्तीने स्वतःच करायचा असतो. घरमालकाने किंवा नोकरी देणाऱ्याने ते प्रमाणपत्र मागावे.

ऑनलाइन एखादे प्रकरण सापडलेच, तर त्याचा शेवट काय झाला ते पाहिल्याशिवाय मत बनवू नये. महाराष्ट्रात तपास बंद होताना ‘समरी’ मागितली जाते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘ए’, फिर्याद खोटी निघाली तर ‘बी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दाखल झाली असेल तर ‘सी’. ‘बी समरी’ मंजूर झालेल्या प्रकरणाचा एफआयआर त्यानंतरही संकेतस्थळावर दिसू शकतो. त्या एका पानावरून माणसाला गुन्हेगार म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्यातून अब्रुनुकसानीचा दावाही उभा राहू शकतो.

ज्यांची स्वतःची निर्दोष मुक्तता झाली आहे, त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत ठाण्यात देऊन नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ खाली घेतलेले बोटांचे ठसे व इतर मोजमापे ७५ वर्षे राखता येतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस सर्व अपिले संपल्यावर निर्दोष ठरला, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करावी लागतात.

माणूस सापडतच नसेल तर

ठाणे नाही म्हणते, नियंत्रण कक्ष नाही म्हणतो आणि चोवीस तास उलटून गेले आहेत, अशा वेळी वाट पाहू नये. पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना ईमेल आणि प्रत्यक्ष लेखी अर्ज द्यावा, त्यावर वेळेसह पोच घ्यावी. बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागता येते. मुंबई उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. नाशिक जिल्हा उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्यपीठाखाली येतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणीही थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा.